काकूंना ओळखतं कोण?

घारपुरे काकूंना घेऊन ओक ट्री रोडवर भाजी आणायला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला म्हणून समजा. न्यू जर्सीत आयसेलिनच्या त्या रस्त्यावर एक दुकान असं नाही, जिथे कुणी काकूंना अडवत नाही. "काकू, ओळखलंत का? मी देवांगची आई!" काकू नुसत्या ओळखायच्या नाहीत, तर देवांगला गाजर चालत नसे आणि तो उजव्या कुशीवर झोपत असे, हेही सांगायच्या. देवांग आता फ्रिस्कोला असतो, दाढी ठेवतो, त्याला स्वतःचं पोर आहे. आणि मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी, पार्किंगचं मीटर संपतंय.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की काकूंना कुणी ओळखत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. २००७ साली एका सरकारी खिडकीतल्या बाईने तसं म्हटलं. वेड्यात आम्हीच निघालो.

मी शुभा. मूळची नागपूरची, बोलणं जरा सरळ आहे, टोचलं तर दूर बसावं. नवरा संजय आयटीत. त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून मला अमेरिकेत आणलेलं, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नाही. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र मिळालं. ज्या बाईला नोकरी नाही पण गाडी आहे, तिला किती काम असतं ते मला विचारा.

काकू आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या. वय बासष्ट. एकट्या. रवींद्रकाका जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. काका एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते आणि काकू घरी लोकांची मुलं सांभाळायच्या. त्याला डे-केअर म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "माझ्याकडे मुलं येतात," एवढंच म्हणायच्या, जणू ती आपणहून बस पकडून येत होती. तीन महिन्यांचं बाळ आणून टाकायचं आणि शाळेच्या वयाचं झालं की घेऊन जायचं, अशी ती पद्धत. न्यू जर्सीतल्या अर्ध्या मराठी आयांनी आपापली करिअर काकूंच्या मांडीवर केली आहेत. हे मी मांडलं की त्या आया हसतात. हसू देत.

काका मध्ये मध्ये भारतात जाऊन यायचे. काकूंचं दर वेळी जायचं ठरायचं आणि दर वेळी कुणाची तरी मॅटर्निटी लीव्ह संपायची. "एवढ्याशा जिवाला कुठे टाकू गं?" म्हणून काकू राहायच्या. पंच्याऐंशी साली दोघं अमेरिकेचे नागरिक झाले. काकांनी लगेच अमेरिकेचा पासपोर्ट काढला. काकूंनी काढलाच नाही, कारण जायचं कुठे होतं? त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून लायसन्सही नाही. क्रेडिट कार्ड नाही. बँकेत जायच्या तर काकांबरोबर. दिवाळीला आया परफ्यूमच्या बाटल्या द्यायच्या आणि "काकू, यू आर ग्रेट" म्हणायच्या. बाटल्यांनी एक अख्खं कपाट भरलं होतं. काकू परफ्यूम लावत नाहीत.

एप्रिलमध्ये एका सकाळी काकू वर आल्या त्या एका पायात घरातली चप्पल आणि दुसऱ्या पायात बाहेरची घालून. सांगलीहून त्यांच्या भाच्याचा, संग्रामचा, फोन आला होता. संध्याताई म्हणजे काकूंची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर काकूंना तिनेच वाढवलेलं. गेलं वर्षभर ताईंचं विसरणं वाढत चाललं होतं. संग्राम म्हणाला होता, "मावशी, आई आता मलासुद्धा ‘डॉक्टर’ म्हणते. तुझं नाव तेवढं अजून घेते. यायचं असेल तर आता ये."

"शुभा, मला पासपोर्ट काढायचाय," काकू म्हणाल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ढसाढसा रडल्या. "ताईने मला विसरायच्या आत पोचायचंय गं मला."

मी काकूंना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला काही सुचेना, म्हणून मी त्यांना पोहे दिले.

त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेला एकदमच पासपोर्ट काढायची बुद्धी झाली होती. कॅनडा-मेक्सिकोहून विमानाने येताना पासपोर्ट पाहिजे, असा काहीतरी नवा नियम निघाला होता, आणि ज्यांनी जन्मात गावाची वेस ओलांडली नाही तेही रांगेत उभे होते. मी फॉर्म भरायला घेतला. काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नागरिकत्वाचं सर्टिफिकेट काढलं. त्यावर नाव होतं, पद्मजा रवींद्र घारपुरे.

"काकू, तुमचं नाव पद्मजा?"

"मग? काकू काय बारशाला ठेवलेलं नाव आहे का?"

तीन वर्षं मी या बाईच्या हातचं खात होते आणि नाव आज कळत होतं. पण मोठ्या माणसाला आपण नाव कधी विचारतो का? काकू म्हटलं की काकू. फोनमध्येसुद्धा ‘काकू खालच्या’ असं सेव्ह केलेलं. मी पुढे विचारलं, "याआधी दुसरं कुठलं नाव होतं का, असं विचारलंय."

"नाही म्हणून लिही. उगाच फाटे कशाला फोडतेस?"

मी नाही लिहिलं.

पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीत एक बाई बसायच्या. चष्मा नाकाच्या टोकावर, छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव: डोलोरेस. त्यांनी सर्टिफिकेटवरचा फोटो बघितला, मग काकूंकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे. फोटोतल्या बाईची वेणी खांद्यावरून पुढे आलेली, काळीभोर, गाल भरलेले, चष्मा नाही. खिडकीसमोर उभ्या होत्या त्या काकूंचे केस पांढरे आणि कानाशी कापलेले.

"या त्याच आहेत?" डोलोरेसनी मला विचारलं.

"बावीस वर्षांपूर्वीच्या," मी म्हटलं.

फोटो असलेलं दुसरं काही? नव्हतं. आता नवं ओळखपत्र काढलं तर? नुकतंच काढलेलं एकटं पुरत नाही. मग मार्ग एकच. साक्षीदार आणायचा. तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, त्याच्याकडे स्वतःचं ओळखपत्र हवं, तो अर्जदाराला निदान दोन वर्षं ओळखत असला पाहिजे, आणि त्याने इथे येऊन, उजवा हात वर करून, ही तीच व्यक्ती आहे असं शपथेवर सांगायचं.

"एवढंच ना!" मी म्हटलं. "रांग लावते."

घरी येऊन संजयला सांगितलं. तो म्हणाला, "मी येतो की." म्हटलं, तुमची लायकी नाही. आम्ही दोघंही व्हिसावाले. मग मी आमच्या कॉम्प्लेक्समधली माणसं आठवायला लागले. काकूंना रोज बघणारे, त्यांच्याकडे डबा घेणारे, त्यांच्या गोळ्या आणून देणारे, सगळे पुण्या-मुंबई-नागपूरचे आणि एकूण एक व्हिसावर. ग्रीन कार्डची वाट बघून बघून त्यांचे केस गळाले होते. यांच्यातला एकही अमेरिकेच्या सरकारला काकूंबद्दल काही सांगायच्या योग्यतेचा नव्हता.

योग्यतेचे होते ते मोठाल्या घरांत राहायला गेलेले. पहिला फोन श्रीरामकाकांना. तीस वर्षांपासून इथले, नागरिक, महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक फोटोत मधोमध. काकूंचं श्रीखंड त्यांनी दर पाडव्याला दोनदा घेतलेलं मी स्वतः पाहिलंय.

"शपथेवर म्हणजे काय, शुभा," ते घसा साफ करत म्हणाले, "खोटं ठरलं तर गुन्हा असतो. मी रवींद्रला ओळखत होतो. वहिनींना तसं मी नुसतं पाहिलेलं आहे."

"खाल्लेलं पण आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. संजय म्हणाला, असं बोलतात का? मी म्हटलं, असंच बोलतात.

मग रेणू आठवली. रेणू एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, नागरिक, आणि तिची मुलगी इला काकूंकडे तीन महिन्यांची असल्यापासून वाढलेली. शाळा सुरू झाल्यावरसुद्धा इला दुपारी बसमधून उतरायची ती काकूंच्याच दारात. रेणू लगेच तयार झाली. "अगं, काकूंसाठी काय पण!" तिने अर्धा दिवस सुट्टी टाकली, सूट घातला, आणि परफ्यूमची बाटली आणली.

डोलोरेसनी रेणूचं लायसन्स बघितलं, हात वर करायला लावला आणि विचारलं, "अर्जदाराचं पूर्ण नाव?"

"मिसेस घारपुरे," रेणू म्हणाली.

"पहिलं नाव?"

रेणूने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी मागून ओठ हलवून सांगत होते, प-द्म-जा, पण रेणू माझ्याकडे बघेल तर शपथ. "काकू," ती शेवटी म्हणाली. "वुई कॉल हर काकू."

"काकू हे नाव आहे?"

"नाही, तो... रिस्पेक्ट आहे."

डोलोरेसनी चष्मा काढला. "मॅम, तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

"वीस."

"तुमचं मूल यांच्याकडे असायचं?"

"रोज."

"आणि नाव माहीत नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. डोलोरेस हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म आमच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, ज्याला या बाई खरोखर माहीत आहेत असा माणूस घेऊन या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला उलट बोलता तरी आलं असतं.

गाडीत रेणू फणफणत होती. आपल्या कल्चरचं या लोकांना काही कळतच नाही, काकूंना पद्मजा म्हणायचं का मग, आणि शुभा तू आधी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, पोर ठेवलंस, वीस वर्षांत विचारायचं होतंस.  मागच्या सीटवर काकूंनी पर्समधून चिवड्याची पुडी काढली आणि पुढे केली. "खा गं रेणू, उपाशी आली असशील ऑफिसातून." रेणूने चिवडा घेतला आणि खिडकीबाहेर बघत खाल्ला. तिचे डोळे भरले होते, ते मी तिच्या बाजूच्या आरशात पाहिलं. 

मे उजाडला. संग्रामचा पुन्हा फोन आला, ताई आता घरातल्या घरात रस्ता विचारतात. काकू माझ्याकडे यायच्या, शेंगा सोलून द्यायच्या आणि जायच्या. मला असा संताप यायचा, आणि तो कुणावर काढावा तेच कळायचं नाही.

तेवढ्यात इलाचा फोन आला. वीस वर्षांची, कॉलेजला, जन्माने अमेरिकन. "शुभामावशी, मॉम टोल्ड मी. आय ऍम अ सिटिझन, राइट? मी काकूला ओळखते." ‘काकूंना’ नाही, ‘काकूला’. मराठी तिचं असंच, कुठे अहो आणि कुठे अगं ते तिला कधी जमलं नाही. पण गाडी घेऊन सकाळीच हजर झाली.

या वेळी काही कच्चं ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गाडीत बसल्यापासून इलाची उजळणी घेतली. नाव? पद्मजा रवींद्र घारपुरे. जन्म? सांगली. वर्ष? पंचेचाळीस. "आणि जास्त बोलायचं नाही," मी बजावलं. "विचारलं तेवढंच सांगायचं." 

खिडकीत पुन्हा डोलोरेस. आम्हाला बघून त्यांनी चष्मा नीट केला. इलाने हात वर केला. नाव सांगितलं, अगदी खणखणीत. किती वर्षं ओळखतेस? "वीस. माय होल लाइफ." मी श्वास सोडला.

"यांना दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखतेस का?" डोलोरेसनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काकू," इला म्हणाली. "आणि सुलू."

मेले! मी मनात म्हटलं. काकूंकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. डोलोरेसनी फॉर्म उलटा केला आणि दुसऱ्या नावाच्या चौकटीत मी लिहिलेल्या ‘नाही’वर बोट ठेवलं.

"सुलू कोण?"

इला माझं सगळं बजावणं विसरली. ती लहान असताना सांगलीहून फोन यायचा. काकू कुणाचं तरी डायपर बदलत असायच्या, म्हणून फोन इला उचलायची. पलीकडून ताई दर वेळी पहिलं वाक्य तेच बोलायच्या, "सुलू का गं?" आणि इला म्हणायची, "नाही, मी इला. थांबा, सुलूला बोलावते." चार वर्षांच्या इलाने एकदा विचारलं होतं, सुलू कोण? काकूंनी सांगितलं होतं, मी. इलाने ते ऐकलं, मान्य केलं आणि सोडून दिलं. एवढं सगळं इंग्रजीत सांगून झाल्यावर तिने काकूंकडे वळून विचारलं, "चुकलं का माझं?"

काकू पुढे झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या स्वतः डोलोरेसशी बोलल्या, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सुलभा. सुलभा केळकर. लग्नाआधी. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं. पद्मजा.

"आडनाव बदललं?" डोलोरेस.

"दोन्ही."

"पहिलं नावसुद्धा? तुम्हाला विचारून?"

काकू इलाकडे बघून मराठीत म्हणाल्या, "तिला सांग, असं विचारतात होय कुठे?" इलाने सांगितलं.

डोलोरेसनी फॉर्म काकूंसमोर सरकवला. मग त्यांनी मी लिहिलेलं ‘नाही’ खोडायला लावलं आणि पेन काकूंच्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा." काकूंनी सुलभा लिहिलं. इंग्रजीत ते त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं, मध्येच अडल्या, इलाने एक अक्षर सांगितलं. डोलोरेसनी शिक्का मारला आणि इलाला म्हणाल्या, "यू नो हर." तो प्रश्न नव्हता.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये काकू थांबल्या. इलाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ताई सोडून हे नाव आता कुणाला ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते." इलाला ते कितपत कळलं कोण जाणे. ती म्हणाली, "भूक लागलीय."

पासपोर्ट जुलैत आला. मग सांगलीत जन्मलेल्या बाईला सांगलीला जाण्यासाठी व्हिसा काढावा लागला, तो काढला. ऑगस्टमध्ये आम्ही काकूंना विमानात बसवलं. बॅगेत त्या सगळ्या परफ्यूमच्या बाटल्या. सांगलीत वाटून टाकते म्हणाल्या.

त्या पोचणार होत्या त्या रविवारी सकाळी, ठरल्याप्रमाणे, मी काकूंच्या घरी झाडांना पाणी घालायला गेले. इलाही आली होती, तिला काकूंची तुळस बघायची होती. तेवढ्यात तिथला फोन वाजला. काकूच. 

"शुभा, ताई मला घरात घेईना गं."

ताई उंबऱ्यातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ही पांढऱ्या केसांची बाई कोण? काकू म्हणाल्या, मी सुलू. ताई म्हणाल्या, सुलू अमेरिकेत असते, तिची एवढी लांब वेणी आहे. संग्रामने मावशीचा पासपोर्ट दाखवला. ताईंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, हे बघ, इथे पद्मजा लिहिलंय. खोटं बोलते ही.

ज्या पासपोर्टसाठी आम्ही चार महिने जीव काढला होता, त्याचं सांगलीत हे झालं.

"इला आहे का तिथे?" काकूंनी विचारलं.  "तिला दे."

मी फोनचा स्पीकर लावला आणि इलाच्या हातात दिला. तिकडे काकूंनी फोन ताईंच्या कानाला लावला असणार. थोडी खरखर झाली. मग एक म्हातारा, ठाम आवाज आला.

"सुलू का गं?"

"नाही, मी इला," इला म्हणाली. "थांबा, मी सुलूला..." आणि ती अडखळली. मग म्हणाली, "सुलू इथे नाही. सुलू तुमच्याकडे आलीय."

 "माझ्याकडे? पांढरे केस आहेत तिचे."

"हो. झाले. मुलं खूप होती."

"तू ओळखतेस तिला? नक्की?"

इलाने उजवा हात वर केला. फोनवर. तो तिकडे कुणाला दिसणार होता? 

"नक्की," इला म्हणाली. "मी ओळखते. ती सुलूच आहे."

फोन खाली कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग लांबून, पण स्पष्ट, ताईंचा आवाज आला, अगदी रोज ओरडतात तसा: "अगं मग अशी दारात काय उभी राहिलीस, सुलू? पाय धुऊन घे, पानं वाढलीत."

आणि त्याहून लांबून काकू म्हणाल्या, "आले गं ताई."